पत्र्यावर न वाजलेला पाऊस

आभाळबाईंना हे नाव त्यांच्या विहीणबाईंनी ठेवलं, आणि ते काही कौतुकानं ठेवलेलं नव्हतं. लेकीचं लग्न ठरवायला दोन्ही घरची माणसं बसली होती. विहीणबाईंनी विचारलं, "तुम्ही करता काय नेमकं?"

"उपग्रह वरून ढगांची चित्रं पाठवतो. ती वाचते."

विहीणबाईंनी चष्म्याच्या वरून बघितलं. "ढग बघायचे? आणि त्याचा पगार मिळतो?" मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "बरं झालं बाबा. सासू कायम आभाळात बघत असणार, तुझ्याकडे लक्ष जायचं नाही."

झालं! तेव्हापासून आभाळबाई. मुलगा लहान विमान चालवायचा, बेटांवर माणसं आणि सामान पोचवायचा. त्यानं ते नाव विमानतळावर नेलं, तिथून ते हवामान कक्षात पोचलं, आणि आता बाईंचे साहेबसुद्धा मूड बरा असला की त्याच नावानं हाक मारायचे.

बाईंनी नाव पचवलं, पण दोघींचं जे जुंपलं ते जुंपलंच. विहीणबाई निवृत्त मुख्याध्यापिका. समोरच्याला वर्गाबाहेर उभं करायची सवय अजून गेलेली नाही. त्या राहायच्या लांबच्या एका छोट्या बेटावर, एकट्या, आणि तिथून सुनेला, म्हणजे बाईंच्या लेकीला, फोन करून विचारायच्या, "आज छत्री घेऊ का गं?" लेक फोनवर हात ठेवून शेजारी बसलेल्या आईला विचारायची, आई सांगायची, लेक पुढे सांगायची, आणि पलीकडून उत्तर यायचं, "बरं. मग आता मी माझी खिडकीतून बघते."

बाईंचाही एक हट्ट होताच. हवेबद्दल खोटं बोलायचं नाही. वय विचारा, वजन विचारा, खुशाल थापा मारतील. साडी केवढ्याला घेतली हे तर त्यांनी नवऱ्याला जन्मात खरं सांगितलं नाही. पण हवा कशी राहील असं विचारलंत, की जे असेल ते तोंडावर. लेकीच्या लग्नाच्या दिवशी फोटोवाल्यानं लाडात येऊन विचारलं, "ऊन पडेल ना, काकू?" बाई म्हणाल्या, "नाही पडणार," आणि बागेत मांडलेल्या सगळ्या खुर्च्या आत न्यायला लावल्या. विहीणबाई फणकारल्या, "शुभकार्यात माणसानं जरा चांगलं बोलावं."

"चांगलं बोलले म्हणून खुर्च्या भिजायच्या राहतील का?"

खुर्च्या भिजल्या नाहीत. विहीणबाईंनी ते आजतागायत कबूल केलेलं नाही.

बाई त्या बेटावर एकदाच राहायला गेल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी पायरीवरून पाय घसरला, घोटा टम्म सुजला. विहीणबाईंनी त्यांना दवाखान्यात नेऊन बसवलं. दवाखाना धावपट्टीला लागूनच, तीन खोल्यांचा, वर पत्रे. डॉक्टर "कुठे दुखतंय" म्हणणार एवढ्यात पाऊस आला, आणि पत्र्यावर असा काही दणका सुरू झाला, की डॉक्टर नुसतेच ओठ हलवतायत, बाई नुसत्याच ओठ हलवतायत, आणि कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. शेवटी खुणांवर भागवलं. पाऊस थांबला तशा विहीणबाई म्हणाल्या, "इतका वेळ गप्प बसलेलं मी तुम्हाला पहिल्यांदाच बघितलं. त्या पावसाचे उपकार आहेत." बाईंना तो पाऊसही लक्षात राहिला आणि ते वाक्यही.

तर त्या सकाळी बाई नेहमीसारख्या कामावर होत्या. हवामान कक्ष विमानतळाच्या वरच्या मजल्यावर. गंमत बघा, आकाश वाचणाऱ्यांच्या त्या खोलीतून आकाश दिसत नाही. स्क्रीन नीट दिसावेत म्हणून पडदे कायम ओढलेले, आणि यंत्रं तापू नयेत म्हणून एवढा गारठा, की बाई बारा महिने स्वेटर घालून बसायच्या. समोर समुद्राचं चित्र, त्यात तीळ सांडल्यासारखी बेटं. ऊन चढायला लागलं होतं, त्यामुळे मोठ्या बेटांवर पांढरे बारके पुंजके धरत होते. जमीन तापली की ते येतात आणि वाऱ्याबरोबर रांगेनं सरकत जातात. सगळ्या रांगा पश्चिमेकडे चालल्या होत्या, म्हणजे वारा पूर्वेचा. बाईंनी चहाचा पहिला घोट घेतला आणि फोन वाजला.

"सासूबाई."

जावई त्यांना तोंडावर सासूबाई म्हणायचा, मुद्दाम, चिडवायला. आणि त्या त्याला जावईबापू म्हणायच्या, तेही मुद्दाम. पण आज त्या हाकेत चेष्टा नव्हती. बाईंनी कप खाली ठेवला.

"आईच्या पोटात पहाटेपासून दुखतंय. तिथले डॉक्टर म्हणतायत अपेंडिक्स आहे, आज संध्याकाळच्या आत ऑपरेशन व्हायलाच पाहिजे, नाहीतर आतल्या आत फुटेल. तिथे ती सोय नाही. समुद्र उसळलाय, लाँच बंद आहे. मी विमान काढून ठेवलंय. धावपट्टी उघडी आहे का, एवढं सांगा."

"थांबा. बघून सांगते."

बाईंनी ते बेट स्क्रीनवर मोठं केलं. बेट दिसेचना. त्याच्या जागी पांढराशुभ्र, गच्च, फुगलेला ढग बसला होता, आणि यंत्रानं त्याच्याभोवती आपणहून लाल वर्तुळ काढलं होतं. म्हणजे गडगडाटी ढग, खाली मुसळधार पाऊस, उतरू नये. धावपट्टीवर हवा मोजणारी एक पेटी होती, पण ती गेल्या वादळात मीठ खाऊन बसली ती बसलीच. तिथे ऊन आहे की पाऊस हे सांगणारं दुसरं काही नव्हतं.

साहेब मागे येऊन उभे राहिले. साहेब तसे भले माणूस, पण दुधानं पोळलेले. मागे एकदा त्यांच्या सहीनं निघालेल्या अंदाजावर एक विमान ढगात सापडून जेमतेम वाचलं होतं. तेव्हापासून लाल रंग दिसला की त्यांचा हात आपोआप 'बंद'कडे जायचा.

"बंद," साहेब म्हणाले. "हे बघा ना." त्यांनी सकाळपासूनची चित्रं एकापाठोपाठ एक पळवली. "मघाशी ढग बेटाच्या पश्चिमेला, समुद्रावर होता. मग सरकत सरकत आला, आणि आता बरोब्बर बेटावर. बसलाय ठाण मांडून."

बाईंनी तीच चित्रं परत पळवली. मग पुन्हा. तिसऱ्यांदा पळवली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते साहेबांना ओळखीचं होतं आणि फारसं आवडायचंही नाही. कुणाची तरी चूक पकडली की बाई अशा दिसायच्या.

"साहेब, बाकीचे ढग कुठे चाललेत?"

"पश्चिमेला."

"आणि हा?"

"पूर्वेला."

"वारा पूर्वेचा, सगळं गाव पश्चिमेला निघालंय, आणि हा एकटा शहाणा वाऱ्याच्या विरुद्ध धावत सुटलाय होय? काय पाय फुटलेत का त्याला? तो चालत नाहीये साहेब. तो आहे तिथेच उंच होतोय."

साहेब काही बोलायच्या आत बाईंनी आपला उंच फ्लास्क टेबलाच्या मधोमध ठेवला आणि त्याच्या मागे वीतभर अंतरावर खोडरबर ठेवलं. "हा ढग. हे बेट. आणि तुम्ही उपग्रह. बसा खाली."

"बाई, मला शिकवू नका. हे मीही शिकलोय."

"शिकलायत हो. पण घाईत विसरलात. बसा."

साहेब गुडघे धरत, पोट सावरत खाली बसले. नजर टेबलाच्या थोडी वर आली.

"बेट दिसतंय?"

"नाही. फ्लास्कच्या टोपणामागे गेलं."

"फ्लास्क मी खोडरबरावर ठेवलाय का?"

साहेबांनी मान वाकडी करून फ्लास्कच्या मागचं खोडरबर बघितलं.

आता हे जरा नीट सांगायला हवं, कारण सगळी भानगड यातच आहे. उपग्रह काही त्या बेटाच्या डोक्यावर नव्हता. तो होता लांब पश्चिमेला, तिथून तिरका बघायचा. बुटका ढग असला तर तिरकं बघूनही फरक पडत नाही. पण उंच ढगाचं डोकं चित्रात मागे, म्हणजे पूर्वेला, सरकलेलं दिसतं. त्या बेटाच्या बाजूला तर हिशेब सोपा: ढग जितका उंच, साधारण तितकाच सरकलेला. हा ढग उठला होता समुद्रावर, बेटाच्या पश्चिमेला. जसजसा तो उंच होत गेला तसतसं त्याचं डोकं चित्रात पूर्वेला पळत गेलं, आणि शेवटी बेटावर जाऊन टेकलं. नुसतं चित्रात. पाय होते तिथेच, समुद्रात. या धंद्यात मुरलेली माणसंही इथे फसतात, कारण चित्र इतकं सुरेख येतं की आपण बरोबर वरून बघतोय असंच वाटायला लागतं.

"यंत्र ती दुरुस्ती करतंच की," साहेब उठत म्हणाले.

"करतं. पण ती दुरुस्त चित्रं मागाहून येतात. हे घाईचं चित्र आहे, कच्चं. लाल वर्तुळ काढायची घाई त्यालाही आणि तुम्हालाही."

"समजा तुमचं खरं. पण तो नुसता डोकं काढून उभा आहे की खरंच बेटावर आलाय, हे इथे बसून शपथेवर सांगाल तुम्ही? आणि आणखी एक, राग मानू नका. जाणारा तुमचा जावई, आणायची तुमची विहीण. तुम्ही आज बाजूला व्हावं हे बरं."

बाईंचा पारा चढला. "बाजूला होऊन कुठे जाऊ? साहेब, परक्या माणसाला पाठवून चुकले, तर तुम्ही मला नोकरीवरून काढाल. याला पाठवून चुकले, तर घरी लेकीला तोंड कसं दाखवू? माझ्याइतकी काळजी आज या खोलीत कोण घेणार आहे?"

साहेबांनी फोन त्यांच्याकडे सरकवला. मग म्हणाले, "तिथल्या कुणाला तरी बाहेर डोकावून सांगू दे. मग बघू."

दवाखान्याचा फोन लागायला वेळ लागला. बाईंनी आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला, म्हणजे साहेबांनाही ऐकू जाईल. पलीकडून उचलला तो विहीणबाईंनीच.

"कोण? आभाळबाई? मिळाला का वेळ आज खाली बघायला?" शब्द नेहमीचेच होते, पण प्रत्येक शब्दाला दम लागत होता.

"फार दुखतंय का?"

"छे, गुदगुल्या होतायत. काय ते बोला."

"डॉक्टर कुठे आहेत?"

"गाडी बघायला गेलेत. उचलून न्यायची म्हणतात मला. मी काय कपाट आहे?"

"बरं, तुमच्या खाटेवरून बाहेरचं दिसतं. हवा कशी आहे तेवढं सांगा."

 विहीणबाई ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "हवा? काळंकुट्ट झालंय सगळं. पाऊस नुसता कोसळतोय. समोरचं झाड दिसत नाहीये. कुणाला पाठवू नका. उद्या बघता येईल."

साहेबांनी सुस्कारा सोडला आणि हातानं 'संपलं' अशी खूण केली. बाईंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"विहीणबाई, पुन्हा सांगा. नीट ऐकू आलं नाही."

"बहिऱ्या झालात का? धो धो पाऊस आहे म्हटलं! धो धो!"

बाई ऐकत होत्या. विहीणबाईंच्या मागे छताचा पंखा कुरकुरत होता. कुणीतरी भांडं खाली ठेवलं. लांब कुठेतरी एक कोंबडी कलकलत होती. डोक्यावर पत्रे असलेल्या त्या खोलीत, धो धो पावसात, कोंबडी ऐकू येत होती!

"विहीणबाई," बाई म्हणाल्या, "तुम्ही खोटं बोलताय."

पलीकडे पंखा तेवढा कुरकुरत राहिला. मग त्या बोलल्या तेव्हा आवाजातली मुख्याध्यापिका कुठच्या कुठे गेली होती.

"बोलतेय. मग? मुलगा आहे तो माझा. मागे एकदा तो ढगात सापडला होता ना, तेव्हा इथेच उतरला. चहाचा कप धरवत नव्हता त्याला, इतके हात थरथरत होते. मी बघितलंय ते, तुम्ही नाही. माझं सगळं बघून झालंय हो. त्याचं व्हायचंय अजून."

 पण बाई माघार घेणाऱ्यातल्या नव्हत्या.

"ऐका. तो तुमचा मुलगा आहे, तसा माझ्या लेकीचा नवराही आहे. जरा जरी धोका असता ना, तर मीच त्याच्या विमानाच्या चाकापुढे आडवी पडले असते. तुमच्यासाठी लेकीचा संसार पणाला लावावा इतकं काही माझं तुमच्यावर प्रेम उतू चाललेलं नाही."

पलीकडून एक आवाज आला. कळ होती की हसू, सांगता येणार नाही. "हे मात्र खरं बोललात," विहीणबाई म्हणाल्या. मग घाईघाईनं, "पण त्याला यातलं काही सांगू नका. आई मरायला तयार झाली होती, हे पोरानं जन्मभर उरावर घेऊन फिरायला नको. सांगणार नाही म्हणा. म्हणा आधी..."

फोन खरखरला आणि बंद पडला. पुन्हा लागेना.

साहेब खुर्चीत बसले. त्यांनाही आता कळलं होतं, पण माणूस शेवटपर्यंत सावध. "पाऊस नाही, एवढंच कळलं आपल्याला. धावपट्टी उघडी आहे हे कुठे कळलं?"

"दवाखाना धावपट्टीला चिकटून आहे, साहेब. एवढा उंच ढग, त्याचे पाय जिथे टेकलेत तिथे पाणी नुसतं ओतत असणार. ते पाय धावपट्टीवर असते, तर पत्र्याच्या आवाजात त्या बाईचा एक शब्द मला ऐकू आला नसता. त्या खोलीत मी बसलेय पावसात, माहीत आहे मला. बिचारी गेली मुलाला वाचवायला, आणि धावपट्टी उघडी असल्याची साक्ष देऊन बसली." बाईंनी कागद पुढे ओढला. "मी सही करतेय. तुम्ही करा नाहीतर नका करू."

साहेबांनी पेन काढलं. "दोघांची असू दे," ते म्हणाले. "एकट्याच शहाण्या ठरू नका."

बाईंनी जावयाला फोन लावला. "जावईबापू, निघा. दक्षिणेकडून सरळ आत या. डाव्या हाताला समुद्रावर एक भला थोरला ढग उभा दिसेल, त्याच्या वाटेला जायचं नाही, लांबून बघायचं आणि सोडून द्यायचं. तो सरकला तर पश्चिमेलाच सरकेल, तुमच्याकडे यायचा नाही. पूर्वेकडून पावसाचा एक पट्टा येतोय, पण त्याला दुपार होईल. तो यायच्या आत आईला घेऊन परत फिरा. तिथे चहा घेत बसू नका."

"सासूबाई, नक्की?"

"नक्की."

"किती नक्की?"

"तुमच्या आईला ढगातलं काही कळत नाही, हे जितकं नक्की आहे तितकं."

तो हसला. बाईंना ते हसू हवंच होतं. फोन ठेवता ठेवता मात्र त्यांच्या तोंडून निघून गेलं, "नीट जा रे बाळा." आजवर त्यांनी त्याला अरे-तुरे केलं नव्हतं.

विमान गेलं. रेडिओवर अधूनमधून त्याचा आवाज येत होता, शांत, कामापुरता. मग, "डावीकडे ढग दिसतोय. बाप रे, केवढा आहे! समुद्रावरच आहे. मी खाली उतरतोय." आणि त्यानंतर काही नाही.

बेटाजवळ विमान खाली आलं की मधे डोंगर येतो आणि रेडिओ तुटतो. नेहमी तुटतो. बाईंना हे पाठ होतं. चित्राबद्दल त्यांच्या मनात तीळभर शंका नव्हती, आणि तरी सरळ सांगायचं तर त्यांना भीती वाटत होती.  ढग चुकायचा नाही, पण पक्षी आडवा येऊ शकतो, चाक अडकू शकतं, हातांना कंप सुटू शकतो. ढगांपलीकडचं बाईंना काय कळत होतं? लेकीला अजून फोनही केला नव्हता. काय सांगणार होत्या?

"बाई," साहेब हळूच म्हणाले, "नवीन चित्र आलंय."

बाईंनी मान वर केली. ढगाचं पांढरं डोकं थोडं पश्चिमेला सरकलं होतं, आणि त्याच्या मागून बेटाची पूर्वेची कड बाहेर आली होती. हिरवी, स्वच्छ, कोरडी. तिच्यावर उन्हानं धरलेले दोन-तीन बारके पुंजके, अगदी शहाण्या मुलांसारखे पश्चिमेकडे निघालेले.

"दिसलं?" बाई म्हणाल्या.

"दिसलं," साहेब म्हणाले.

रेडिओ खरखरला. "उतरलो. इथे काय ऊन आहे हो, डोळे उघडवत नाहीत. आईला गाडीतून आणतायत. लगेच निघतो."

साहेबांनी टाळी वाजवली, आणि मग आपण ऑफिसात आहोत हे आठवून हात खाली घेतले. बाईंनी फ्लास्क उघडला, चहा ओतला आणि पहिला कप साहेबांना दिला. मग लेकीला फोन लावला आणि तिची आधी चांगली खरडपट्टी काढली, की सकाळपासून सासूला फोन का केला नाही. लेक म्हणाली, "अगं, लागतच नव्हता!" आणि रडायला लागली. मग बाईही थोड्या रडल्या.

पूर्वेचा पट्टा बेटावर पोचला तेव्हा विहीणबाई ऑपरेशनच्या टेबलावर होत्या. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत.

दुसऱ्या दिवशी बाई भेटायला गेल्या. विहीणबाई डोळे मिटून पडल्या होत्या, हाताला सलाईन, चेहरा उतरलेला, पण केस नीट विंचरलेले. ते त्यांनी नर्सला दरडावून करून घेतले असणार. जावई उशाशी बसला होता. बाईंना बघून उठला, खुर्ची दिली, आणि मग जरा घुटमळला.

"सासूबाई, एक विचारायचं होतं. काल गाडीतून आणताना आई सारखी बडबडत होती. पाऊस आहे म्हणून सांगितलं होतं तिला, तरी पाठवलं, तरी पाठवलं. काय प्रकार आहे? तुमचं तिच्याशी बोलणं झालं होतं का?"

विहीणबाईंचे डोळे मिटलेलेच होते. पण चादरीवरची बोटं एकदम घट्ट झाली. जावयाला ते दिसलं नाही. बाईंना दिसलं.

"झालं होतं की," बाई म्हणाल्या. "मीच फोन केला होता."

"मग काय म्हणाली ती?"

बाईंनी त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला. "म्हणाल्या, इथे लख्ख ऊन पडलंय. माझ्या मुलाला म्हणावं, लवकर ये. पावसाचं वगैरे तापात बरळल्या असतील. तापात माणूस काय वाट्टेल ते बोलतं."

जावयानं हुश्श केलं. खरंच, एवढा मोठा पुरुष, पण खांदे एकदम सैल झाले त्याचे. "तरीच म्हटलं. मला वाटलं, आई मुद्दाम..." त्यानं ते वाक्य पुरं केलं नाही.

तेवढ्यात खाटेवरून बारीक पण खणखणीत आवाज आला. डोळे अजूनही मिटलेले. "मग! मी सांगितलं म्हणून उतरलास नीट. नाहीतर या बसल्या होत्या तिकडे पडदे ओढून, यांना काय दिसणार होतं?"

बाईंनी तोंड उघडलं. फ्लास्क, खोडरबर, वाऱ्याच्या विरुद्ध पळणारा ढग, सगळं जिभेवर आलं होतं. त्यांनी तोंड मिटलं. "हो ना," त्या म्हणाल्या. "यांच्यामुळेच सगळं झालं."

जावई दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिला, आणि मग औषधं आणायला म्हणून बाहेर गेला. दार लागलं तसे विहीणबाईंनी डोळे उघडले. त्यांनी बाईंचा हात शोधून धरला.  डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळलं, ते पुसायला त्यांनी हात सोडला नाही.

"किती सफाईनं बोललीस गं," त्या म्हणाल्या. अहो-जाहो कुठे गेलं कोण जाणे. "हवेबद्दल खोटं बोलत नाहीस ना तू?"

"नव्हते बोलत."

"मी तर तीस वर्षं पोरांच्या थापा पकडल्या. मला वाटायचं, आपल्याला जमेल." विहीणबाईंनी जरा दम घेतला. "तुला कळलं कसं? एवढ्या लांबून?"

बाईंनी पदरानं त्यांचे डोळे पुसले, मग त्याच पदरानं स्वतःचे.

"पुढच्या वेळी पाऊस पाडायचा असेल ना," त्या म्हणाल्या, "तर पत्र्याच्या छपराखाली बसून पाडू नका."

विहीणबाई आधी बघत राहिल्या. मग डोळे मोठे झाले, ओठ थरथरले, आणि त्या पोट धरून हसायला लागल्या.

"अगं आई गं! गप्प बस, मेले! हसवू नकोस, टाके दुखतात."